तीन तासांचे बेट

गेल्या फाल्गुनात आमचे एक अशील आमच्याकडे एक कागद घेऊन आले. कागद दाव्याचा नव्हता, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या बेताचा होता. कोणा प्रवासी कंपनीने तो मोठ्या झोकात छापून दिला होता: पाच दिवस, तीन बेटे. माल्टा, गोझो आणि कोमिनो. गोझोच्या वाट्याला अर्धा दिवस आला होता, आणि कोमिनोच्या वाट्याला तीन तास, त्यात पोहणे व छायाचित्रे. मुखपृष्ठावर समुद्रात उभी असलेली दगडी कमान होती. ही गोझोची प्रसिद्ध कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळून समुद्रतळाशी गेली, तरी कंपनीच्या कागदावर ती अद्याप उभी आहे. खटल्यात असा पुरावा कोणी आमच्यापुढे आणता तर आम्हांस मोठा आनंद झाला असता.

कागदाच्या तळाशी अशिलांनी स्वहस्ते प्रश्न लिहिला होता: "कोमिनोला आता म्हणे आगाऊ नोंदणी लागते. एवढे पैसे मोजून वर परवानगीही मागायची, हे कायद्यात बसते काय?"

उत्तर आम्ही त्यांना तोंडी दिले. परंतु हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. ज्याच्या हाती चार पैसे खुळखुळू लागले आहेत अशा आपल्यातल्या पुष्कळांचा तो आहे. म्हणून येथे लेखी देतो.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे गृहस्थ बार्देशातले, कळंगुटच्या वाटेवर राहणारे. नाताळाच्या दिवसांत परप्रांतीयांच्या बसगाड्या त्यांच्या कुंपणाशी थांबतात, उतारू रस्त्याकडेला चुली मांडतात, भात शिजवतात आणि खरकटे तेथेच टाकून पुढे जातात. २०१९ साली गोव्याच्या विधानसभेने किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणे आणि मद्य पिणे यांबद्दल दंड ठरवला, एकट्यास दोन हजार रुपये व टोळक्यास दहा हजार. तेव्हा हेच गृहस्थ आम्हांस म्हणाले होते, "दंड थोडा झाला. गोव्यात शिरणाऱ्यांची मोजदाद झाली पाहिजे." मोजदाद कोमिनोने केली, तेव्हा मात्र त्यांना कायदा आठवला!

आता त्या बेटांची स्थिती पाहू. माल्टाचे सारे राष्ट्र मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या बाराव्या हिश्श्याहून किंचित मोठे. २०२१ च्या शिरगणतीत तेथे पाच लाख एकोणीस हजार माणसे भरली. २०२४ साली पाहुणे आले पस्तीस लाखांहून अधिक. दर रहिवाशामागे जवळजवळ सात. गोव्यात त्याच वर्षी एक कोटीवर प्रवासी आले; २०११ च्या शिरगणतीचा आकडा धरला तर आपलेही प्रमाण तेच, माणशी सात. म्हणजे ज्या ओझ्याखाली आपण कण्हतो, नेमके तेच ओझे घेऊन आपण दुसऱ्याच्या पाठीवर बसायला निघालो आहोत.

आणि आपल्याला मांडवी आहे, जुवारी आहे, वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस आहे. माल्टाला बारमाही नदी नाही, तळे नाही. पाऊस सुमारे साडेपाचशे मिलिमीटर, तोही बहुतेक हिवाळ्यात. उन्हाळ्यात, म्हणजे पाहुणे येतात नेमके तेव्हा, आकाश कोरडे ठणठणीत. नळाला येणाऱ्या पाण्यापैकी अर्ध्याहून अधिक पाणी समुद्रातून उपसून, प्रचंड दाबाने पडद्यांतून ढकलून गोडे करावे लागते, आणि त्यासाठी वीज जाळावी लागते. तेथे पोहून आल्यावर अंगावरचे मीठ धुण्यासाठी जो दहा मिनिटे नळाखाली उभा राहतो, तो समुद्राचेच पाणी मीठ काढून पुन्हा अंगावर घेत असतो. इटलीच्या काप्री बेटावर तर २२ जून २०२४ रोजी पाणीपुरवठाच बंद पडला आणि नगराध्यक्षाने प्रवाशांना बेटावर उतरण्याची मनाई केली. मनाई त्याच दिवशी उठली हे खरे. परंतु त्या सकाळी बोटीत बसलेल्या किती जणांनी आपल्या बेतात पाण्याचा विचार केला असेल?

आता कायदा. आमचे अशील पैसे मोजतात ते विमानाच्या तिकिटाचे, हॉटेलच्या खोलीचे आणि बोटीच्या फेरीचे. बेट त्यांनी विकत घेतलेले नसते, भाड्यानेही घेतलेले नसते. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ याच्या ५२ व्या कलमात परवान्याची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या जागेत जे कृत्य एरवी बेकायदा ठरले असते ते करण्याची मुभा म्हणजे परवाना. त्याने त्या जागेत कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. हा कायदा माल्टात चालत नाही हे आम्हांस ठाऊक आहे, परंतु विचार सर्वत्र तोच. युरोपीय संघाची व्हिसासंहिता तर याहून स्पष्ट बोलते: व्हिसा हाती असला म्हणून प्रवेशाचा हक्क आपोआप मिळत नाही. पारपत्रावर तो कागद चिकटवून घेण्यासाठी नव्वद युरो भरावे लागतात, बँकेचे उतारे जोडावे लागतात, निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा उतरवावा लागतो. इतके करूनही आपण दारात उभे असतो. आत घेणे न घेणे दारवानाच्या हाती.

येथे कोणी उसळून म्हणेल, "साडेचारशे वर्षे युरोप आमच्या घरात बिनपरवाना राहिला, आणि आता आम्ही चार दिवस जायचे तर नोंदणी!" हा संताप आम्हांस समजतो. आपल्या लोकांना व्हिसाच्या दारी जी कागदपत्रांची मोळी वाहावी लागते ती अपमानास्पद आहे, यात आम्हांस संशय नाही. गोव्यात तर एकाच घरातला थोरला भाऊ पोर्तुगीज पारपत्रावर युरोपीय नागरिक म्हणून सरळ आत जातो आणि धाकटा भारतीय पारपत्र घेऊन उताऱ्यांची भेंडोळी सांभाळत रांगेत उभा असतो. या विषमतेविरुद्ध जरूर भांडावे. पण कोमिनोचा यात काय अपराध? माल्टा १५३० पासून सरदारांच्या धर्मसंघाखाली, १७९८ साली नेपोलियनच्या आणि त्यानंतर इंग्रजांच्या ताब्यात होता. स्वातंत्र्य मिळाले ते २१ सप्टेंबर १९६४ रोजी, गोवा मुक्त झाल्यानंतर पावणेतीन वर्षांनी. दुसऱ्याच्या गलबतांनी आपले बंदर भरलेले पाहणे काय असते हे त्यांना शिकवण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: "आम्ही गेलो नाही तर ते खातील काय?" हाच युक्तिवाद दिल्ली-मुंबईचे पाहुणे आपल्याला ऐकवतात आणि आपण दात-ओठ खातो. माल्टाने २०१६ साली प्रवाशांवर पर्यावरणासाठी कर बसवला, रात्रीला अर्धा युरो, आणि सबंध मुक्कामाला पाच युरोंहून अधिक नाही. एवढ्याशा रकमेत कचरा, पाणी व रस्ते यांची भरपाई होते असे मानणाऱ्यास आम्ही हिशेब तपासण्याची विनंती करू.

कोमिनोवर मात्र प्रश्न पैशाचा नव्हताच. सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरचे बेट. कायमची वस्ती नावापुरती. त्याच्या ब्लू लगून नावाच्या उथळ, निळ्याशार खाडीच्या काठी खुर्च्या-छत्र्यांची इतकी दाटी झाली, की २०२२ च्या मे महिन्यात माल्टाच्या तरुण कार्यकर्त्यांनी त्या उचलून बाजूला केल्या. किनाऱ्यावर खाटा मांडून तो अडवणे म्हणजे काय हे आम्ही गोमंतकीयांस काय सांगावे! पुढे २०२५ च्या मे महिन्यापासून तेथे उतरणाऱ्यांसाठी आगाऊ नोंदणी आली. या नोंदणीला पैसे पडत नाहीत. आमच्या अशिलांचा अर्धा दावा येथेच निकालात निघतो.

शिवाय अशी मर्यादा त्या देशाला नवी नाही. पाओला गावाच्या पोटात हायपोजियम म्हणून खडकात कोरलेले प्रागैतिहासिक भुयार आहे, पिरॅमिडांहूनही जुने. आत दिवसाला ऐंशी माणसे सोडतात, एका वेळी दहा. माणसांच्या श्वासाने आतले तांबडे रंगकाम बिघडते, म्हणून. आम्ही स्वतः तेथे गेलो तेव्हा विमानाची तिकिटे आधी काढली आणि भुयाराची मागून पाहू लागलो. आमच्या मुक्कामातला एकही दिवस मोकळा नव्हता, आणि आम्ही दारावरची पाटी वाचून परतलो. चूक आमची होती. उलट क्रमाने बेत आखला असता तर आत गेलो असतो. ऐंशीचे एक्याऐंशी करा असे तेथे म्हणावे असे आम्हांस वाटले नाही. मग निळ्या पाण्याला ती सवलत का नसावी?

आमच्या अशिलांच्या कागदावर आम्ही लाल शाईने काही फेरफार केले. कोमिनो सरळ कापले. गोझोचा अर्धा दिवस वाढवून सहा रात्री केल्या. माल्टाच्या उत्तर टोकावरून बोट पंचवीस मिनिटांत गोझोला पोचते, आणि तिची गंमत अशी, की जाताना कोणी भाडे मागत नाही. ते परतताना घेतात. मार्सालफोर्नच्या पलीकडे चुनखडीच्या खडकात खोदलेली मिठागरे आहेत. आगरवाड्याचे मिठागर पाहिलेल्या माणसाने तेथे तासभर नुसते उभे राहावे: आपल्याकडे चिखलाचे बांध, तेथे दगडाचे, ऊन आणि फावडे तेच. जमल्यास २९ जून गाठावी. त्या दिवशी आपल्याकडे नदीत सांगड निघते, आणि त्याच संत पीटर व पॉल यांचा सण माल्टाचे लोक 'इम्नारिया' म्हणून साजरा करतात. भाषेकडेही कान द्यावा. मूळ अरबी, लिपी रोमी, आणि बोलणारे बहुतेक कॅथॉलिक. ते पाण्याला 'इल्मा' म्हणतात, देवाला 'अल्ला', आणि ईस्टरपूर्वीच्या उपासकाळाला 'रन्दान', म्हणजे रमजानचेच रूप. एकाच भाषेच्या लिपीवरून आणि धर्मावरून भांडणाऱ्या आम्हां लोकांना यातून पुष्कळ करमणूक होण्यासारखी आहे.

मुलांची सुट्टी मे महिन्यातच असेल तर जूनचा सण चुकेल. पण मे महिन्यात तेथे डोंगरउतारावर अजून हिरवळ असते आणि गर्दी जुलै-ऑगस्टपेक्षा कमी. समुद्र मात्र थंड असतो. कळंगुटला जन्मलेल्या माणसाने पोहण्यासाठी इतक्या दूर का जावे, हे आम्हांस कधीच उमगलेले नाही.

अशिलांनी कागद घरी नेला. आठवड्याने त्यांचा निरोप आला: सहा रात्री कबूल, हायपोजियमची तिकिटे आधी काढली, पण कोमिनो कापल्याबद्दल मुले रुसली आहेत; नोंदणी करून एक सकाळ गेले तर चालेल काय? आम्ही कळवले की खुशाल चालेल. नोंदणी त्यासाठीच आहे.