किमान रकमेचा फास

कर्जबाजारी माणूस आपली अडचण शेजाऱ्याला सांगत नाही. आणि ते कर्ज पेरणीचे वा लग्नकार्याचे नसून क्रेडिट कार्डाचे असेल, तर घरातही बोलण्याची चोरी! खडेबाजारातील गुमास्त्यापासून उद्यमबागेतील कामगारापर्यंत अनेक घरांत आज ही मुकी यातना आहे, म्हणून तिच्याविषयी चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

या कर्जाची मेख ‘किमान देय रक्कम’ या साळसूद शब्दांत आहे. एक लाख रुपये थकले व व्याज दरमहा साडेतीन टक्के असले, तर महिन्याचे व्याज ३,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर ६३० रुपये. ऋणकोने किमान म्हणून ५,००० रुपये भरले, तरी मुद्दल फिटते अवघे ८७० रुपयांचे! वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित होय, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिलेला निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरविला. ती ढालही गेली.

मग मार्ग कोणता? एक कार्ड फेडण्यास दुसरे घेणे हा तर नव्हेच. पहिला मार्ग बँकेशी लेखी तडजोडीचा. अशा तडजोडींसंबंधी रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये रीतसर चौकट घालून दिली आहे. परंतु वसुली दलालाच्या तोंडी शब्दावर एक पैसाही देऊ नये. आधी बँकेचे पत्र, मग पैसे. मुद्दलात सूट घेऊन खाते मिटविले, तर पतनोंदीत तसा शेरा पडतो व पुढील कर्जास तो आड येतो, हेही जाणून असावे. दुसरा मार्ग लोकअदालतीचा. तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असून त्यावर अपील नाही. तेव्हा झेपेल तेवढाच हप्ता कबूल करावा. दलाल सकाळी आठपूर्वी वा सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू लागला, तर तो नियमभंग आहे. बँक दाद देत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. (कार्ड गळ्यात मारताना गोड मराठी बोलणाऱ्या या मंडळींची नोटीस मात्र इंग्रजीत येते, सीमाभागातील माणसाला परक्या भाषेतील कागदाचा हा अनुभव नवा नाही.) आणि तुरुंगाच्या धमकीने तर कोणीही गळाठून जाऊ नये. निव्वळ पैसे न फिटणे हा फौजदारी गुन्हा नव्हे, आणि हुकूमनाम्यावाचून कोणी घरातील भांडेही उचलू शकत नाही.

हे सारे मार्ग धनकोच्या मर्जीचे आहेत. खरा प्रश्न कायद्याच्या आधाराचा आहे. १८७५ साली सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा उसळला, तेव्हा परक्या सरकारनेही १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा करून हिशेबाच्या मुळाशी जाण्याचा व हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. आमचा बेळगाव मुंबई राज्यात होता, तेव्हा १९४७ चा कृषी ऋणकोंचा कायदा येथेही लागू होता. आणि आज? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य माणसासाठी स्वतंत्र भाग आहे. पण २०१९ मध्ये तो कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच अमलात आला. उद्योगपतीच्या जामीनदाराला नवा कायदा, आणि गुमास्त्याला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा! त्यातही जिल्हा न्यायालयामार्फत धनकोंशी तडजोडीची योजना होऊ शकते. पण त्यासाठी संख्येने बहुसंख्य व रकमेने तीन-चतुर्थांश धनकोंची संमती लागते. वकिलांची फी देऊन ती वाट चालणारे थोडेच.

संहितेतील ‘नवी सुरुवात’ ही तरतूद तर वार्षिक ६० हजारांपर्यंत उत्पन्न व ३५ हजारांपर्यंत कर्ज असणाऱ्यांनाच आहे. या मर्यादा आजच्या महागाईत हास्यास्पद आहेत. त्या वाढवून केंद्र सरकारने हा भाग सर्व नागरिकांना तत्काळ लागू करावा, आणि कर्जाचे करार व नोटिसा ऋणकोच्या भाषेत, म्हणजे येथे मराठीत, देण्याची सक्ती करावी, अशी आमची मागणी आहे.