रोवलेला पाय

जॉन डनच्या ‘अ व्हॅलेडिक्शन: फॉरबिडिंग मोर्निंग’ या कवितेतून बहुतेकांच्या लक्षात राहतो तो कंपास. तोच, शाळेच्या पेटीतला, पेन्सिल लावून वर्तुळ काढायचा. नवरा प्रवासाला निघालाय आणि बायकोला सांगतोय की आपले जीव दोन असलेच, तर या कंपासच्या दोन पायांसारखे आहेत. तू मधे रोवलेला पाय, मी फिरणारा. मी लांब गेलो की तू माझ्याकडे कलतेस, परतलो की सरळ उभी राहतेस.

आयझॅक वॉल्टनने लिहिलेल्या डनच्या चरित्रावर विश्वास ठेवायचा, तर ही कविता १६११ साली फ्रान्सला जाताना पत्नी अ‍ॅनसाठी लिहिलेली. सॅम्युअल जॉन्सनला मात्र हे रूपक हास्यास्पद म्हणावं की चतुर, असा प्रश्न पडला होता. मला ते चतुरच वाटतं. मधला पाय कलतो, हे तर फार बारकाईने पाहिलंय. स्थिर राहणं म्हणजे निवांत असणं नव्हे, हे डनला कळलं होतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. उमर खय्यामच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका फारसी रुबाईतही प्रेमिक कंपास आहेत. तिथे टोकं दोन, अंग एक. शेवटी दोन्ही टोकं जवळ येतात, पण घरी कोण थांबलं ते रुबाई सांगत नाही. डन सांगतो. आणि त्याचं वर्तुळ नीट काढून पाहा: फिरणारा पाय निघाल्या जागी परत येतो खरा, पण ती जागा परिघावरची. मध्यापासून तो तेवढाच दूर! जवळ यायचं तर कंपास मिटावा लागतो. डनने दोन्ही हालचाली एकात बांधल्या. टीकाकार याला चूक म्हणोत, मला इथेच कविता खरी वाटते.

आमच्या कोकणात घरटी एक फिरणारा पाय आखातात असायचा. अब्बा कुवेतहून दोन वर्षांनी यायचे, पंचेचाळीस दिवसांसाठी. त्यांच्या कष्टांच्या गोष्टी आम्ही पाहुण्यांसमोर सांगायचो. अम्मीबद्दल लोक म्हणायचे, “बाईने घर धरून ठेवलं हो.” कौतुकच ते. पण कंपासचा मधला पाय कागदाला भोक पाडतो. मी तिला एकदा कविता समजावून सांगितली, तेव्हा तिने एवढंच विचारलं, “त्याच्या बायकोने काय लिहिलं मग?”