घर गार झाले, पण छातीचे काय?

गेल्या उन्हाळ्यात लालबागच्या माझ्या दवाखान्यात बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा आला. मूळचा आपल्याच जिल्ह्यातला. मुंबईत मामाकडे राहून नोकरी करणारा. तक्रार साधीच होती. खोकला येतो, संध्याकाळी छाती भरल्यासारखी वाटते, रात्री शिटी वाजल्यासारखा आवाज येतो. सिगरेट ओढत नाही म्हणाला. मी खोकल्याचे औषध दिले. दहा दिवसांनी तो परत आला. मी औषध बदलून दिले. तिसऱ्या खेपेला उठता उठता तो सहज म्हणाला, "डॉक्टर, रविवारी मात्र एकदम बरं वाटतं. सोमवारी कामावर गेलो की संध्याकाळपासून परत तेच."

मी हातातले पेन खाली ठेवले आणि त्याला पुन्हा बसवले. "अरे, तू काम काय करतोस?"

"पत्र्याखाली फोम मारतो. पाइपने फवारायचा. घर थंड राहतं."

वाचकहो, चूक माझी होती. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तुझा धंदा कोणता' हेही विचारा, असे त्याने वैद्यांना बजावले. तीनशे वर्षे होऊन गेली, तरी गर्दीच्या दवाखान्यात आम्ही नेमके तेच विसरतो.

निदान लालबाग-परळच्या डॉक्टरने तरी विसरू नये. मी दवाखाना सुरू केला तेव्हा 1982 च्या गिरणी संपाला पंधरा वर्षे झाली होती, पण गिरणीत हयात घालवलेली माणसे छातीच्या तक्रारी घेऊन येतच होती. कार्डिंग आणि ब्लो-रूम खात्यांतल्या कापसाच्या धुळीने होणारा आजार म्हणजे बिसिनोसिस. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळल्यासारखी होते, ही त्याची खूण. पुढे हा आजार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीत आला. पण तोवर अनेकांची 'बिडीचा खोकला' म्हणूनच बोळवण झाली होती. आता गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. धूळ गेली आणि तिच्या जागी फवारा आला. छाती मात्र आपल्याच मुलांची आहे.

आधी फोमची बाजू मांडतो. चाळीत सगळ्यात वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली राहणाऱ्याचे एप्रिल-मेमधले हाल मी रोज पाहतो. दुपारी पत्र्याला हात लावला तर चटका बसतो आणि रात्री बारापर्यंत तो पत्रा खोलीत आग ओकत राहतो. मुंबईची हवा दमट असल्याने घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हाताऱ्या माणसांचे रक्तदाब खाली-वर होतात, लहान मुलांना घामोळे आणि जुलाब, कामावर जाणाऱ्याला झोप नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानात उन्हाने 14 माणसे गेली. तेव्हा उकाड्यापासून सुटका मागणे ही काही श्रीमंती चैन नव्हे.

आणि फोम उष्णता अडवतो, यात शंका नाही. त्याला पॉलियुरेथेन किंवा पी. यू. फोम म्हणतात. दोन पिंपांतली दोन रसायने पाइपातून येतात, बंदुकीच्या तोंडाशी एकत्र होतात, पत्र्यावर फवारली जातात आणि काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. त्यातल्या बंद पेशींच्या जातीत लाखो बारीक बुडबुडे एकमेकांपासून वेगळे राहतात आणि त्यांत वायू कोंडलेला असतो. म्हणून उष्णता सहज पलीकडे जात नाही. ढोबळ हिशेबाने एक इंचाचा थर दोन-अडीच फूट जाडीच्या विटेच्या भिंतीइतके काम करतो. शीतगृहांच्या भिंतीत आणि आपल्या घरच्या फ्रिजच्या दारातही याच कुळातला फोम असतो. नीट मिसळून घट्ट झालेला फोम फारसा त्रास देत नाही. मग अडते कुठे? माझ्या मते चार ठिकाणी.

पहिले, फवारणीची वेळ. दोन पिंपांपैकी एकात आयसोसायनेट असते. हे नाव ऐकले की भोपाळ आठवते. 1984 साली तिथे गळला तो मिथिल आयसोसायनेट. फोममधला एम. डी. आय. त्याचा दूरचा भाऊबंद आहे, तोच वायू नव्हे. तेव्हा घाबरून जायचे कारण नाही. साध्या तापमानाला तो फारसा उडतही नाही. पण फवारताना त्याचे धुके होते आणि ते श्वासात जाते. काही जणांच्या शरीराला त्याचे वावडे निर्माण होते. एकदा ते झाले की नंतर अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येतो. हे वावडे घालवणारे औषध नाही. त्या रसायनापासून लांब राहणे हाच उपाय.

अमेरिकेत फवारणीच्या वेळी घरातल्यांना बाहेर पाठवतात आणि बहुधा निदान चोवीस तास परत येऊ देत नाहीत. फवारणारा बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा, हातमोजे आणि अंगभर पोशाख घालतो. आपल्याकडे काय होते? त्या मुलाने तोंडाला रुमाल बांधलेला असायचा. घरातली माणसे चाळीच्या गॅलरीत उभी, आणि संध्याकाळी त्याच खोलीत आमटी-भात शिजून पथारी पडायची. चाळीत खोली एकाची, पण हवा सगळ्या मजल्याची! शेजारच्या आजींना दमा आहे का, पलीकडे ओली बाळंतीण आहे का, हे कोण विचारतो?

दुसरे, खेळती हवा. कौलांच्या आणि पत्र्यांच्या फटींतून धूळ येते, पाणी गळते हे खरे, पण त्याच फटींतून कोंदट हवा बाहेर जाते. बंद पेशींचा फोम सगळी भगदाडे बुजवतो. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे, तिथेच गॅसची शेगडी, तिथेच आजारी माणूस. शिवडीचे क्षयरोग रुग्णालय ज्या भागाला हाकेच्या अंतरावर आहे, त्या भागातल्या डॉक्टरला हे चित्र अस्वस्थ करते. क्षयाचे जंतू कोंदट हवेत तरंगत राहतात. उकाडा अडवताना वारा अडवला, तर एक दुखणे घालवून दुसरे विकत घेतल्यासारखे होईल.

तिसरे, आग. 'फायर-प्रूफ आहे' असे विक्रेता सांगतो. आग उशिरा पकडावी म्हणून त्यात रसायन घालतात, पण हा फोम मुळात जळणारा पदार्थ आहे आणि जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड व सायनाइडचा विषारी धूर निघतो. ब्राझीलमध्ये 2013 साली एका नाइट क्लबमध्ये आवाज अडवण्यासाठी लावलेल्या फोमने पेट घेतला. 242 माणसे गेली, बहुतेक भाजून नव्हे, तर धुराने गुदमरून. म्हणूनच अनेक देशांत घराच्या आत हा फोम उघडा ठेवत नाहीत. त्यावर जिप्सम बोर्डासारखे आवरण लावतात. आपल्याकडे पोटमाळ्यावर हाताला लागेल इतका जवळ उघडा फोम, त्याखाली देव्हाऱ्यातली समई, कोपऱ्यात गॅस आणि जिना एकच, तोही लाकडी.

चौथे, छप्पर. हा विषय डॉक्टरचा नाही, पण छप्पर पडले की माणसे आमच्याकडेच येतात. गिरगाव-दादरच्या जुन्या चाळींची वासे-तुळयांची चौकट सागवानी आहे. मुंबईचा पाऊस कुठून तरी शिरणारच. पूर्वी गळती दिसायची, आपण खाली बादली ठेवायचो. फोमच्या आड ती दिसत नाही आणि लाकूड आतून कुजत राहते. ब्रिटनमध्ये छपराच्या लाकडाला फोम मारलेल्या घरांवर कर्ज द्यायला अनेक वित्तसंस्था कां कू करतात, ते याच भीतीने. शिवाय जुने सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. फोम धरावा म्हणून ते घासले, भोके पाडली, तर उडणारे तंतू फुप्फुसात कायमचे रुततात आणि पुढे कर्करोगही होऊ शकतो.

कोणी म्हणेल, "डॉक्टर, तुम्ही पंख्याखाली बसून लिहिता. पत्र्याखाली आम्ही झोपतो." हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून नुसते 'करू नका' म्हणून थांबत नाही. उन्हाळ्यापूर्वी पत्र्याला वरून पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग लावा. अहमदाबाद महापालिकेने 2013 साली उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याची मोहीम घेतली. काम स्वस्त आहे, दर वर्षी पुन्हा करावे लागते, पण त्यात विष नाही. शक्य असेल तिथे पत्र्याखाली चार-सहा इंच मोकळी जागा सोडून साधी सिलिंग घाला आणि त्या पोकळीतली गरम हवा दोन्ही टोकांनी बाहेर जाऊ द्या. आपल्या जिल्ह्यात कौले उतरवून पत्रे चढवणाऱ्यांनी हा विचार आधीच करावा. आजोबांनी कौले उगाच घातली नव्हती.

एवढे करूनही फोम मारायचाच असेल तर:

1) काम पत्र्याच्या बाहेरच्या बाजूने होऊ शकते का, ते आधी विचारा. आतून झाले तर त्यावर बोर्डाचे आवरण घ्या.

2) फवारणीच्या दिवशी आणि पुढचे निदान चोवीस तास सगळ्यांनी बाहेर राहावे. दमेकरी, गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळे यांना आणखी काही दिवस नातेवाइकांकडे ठेवावे.

3) शेजाऱ्यांना दोन दिवस आधी सांगावे.

4) खिडकी आणि झरोका उघडा राहील हे पाहावे.

5) आठवड्यानंतरही माशांसारखा किंवा रसायनाचा वास येत असेल, तर मिश्रण बिघडले आहे असे समजून कंत्राटदाराला बोलवावे. उदबत्ती लावून वास झाकू नये.

6) ॲस्बेस्टॉसचे पत्रे घासू-कापू देऊ नयेत.

आणि ज्याच्या हातात बंदूक आहे त्याच्या तोंडावर योग्य मुखवटा नसेल, तर काम थांबवा. पैसे तुम्ही देता, तेव्हा हे सांगायचा अधिकारही तुमचाच. आपली खोली गार व्हावी म्हणून दुसऱ्याच्या मुलाची छाती खर्ची घालणे माणुसकीत बसत नाही.

त्या मुलाला मी के. ई. एम.च्या छातीविकार विभागात पाठवले. श्वासाचा जोर मोजणाऱ्या छोट्या नळीत त्याने कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी फुंकून आकडे लिहून ठेवले. आठवडाभर आकडा उतरायचा, रविवारी चढायचा. निदान स्पष्ट झाले. त्याने ते काम सोडले आणि आता एका दुकानात माल पोचवतो. पगार कमी झाला. धाप बरीच कमी आहे, पण इनहेलर खिशात असतो. त्याच्या जागी आठ दिवसांत दुसरा मुलगा लागला, त्याच्याच गावचा.

म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या आई-वडिलांना एक विनंती. मुंबईला गेलेल्या मुलाला फोन कराल तेव्हा "जेवलास का?" हे तर विचाराच. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. नेमके काम काय करतोस? आणि रविवारी जास्त बरे वाटते का? दुसऱ्याचे उत्तर 'हो' आले, तर त्याला खोकल्याच्या बाटलीवर थांबवू नका. डॉक्टरकडे पाठवा, आणि आपले काम काय आहे ते त्याने स्वतःहून सांगावे. कारण आम्ही डॉक्टर विचारायला विसरतो.