विकासला की विकासाला?

इंडस्ट्रियल ट्रेनिंगचा रिपोर्ट सरांकडे दिला आणि लाल होऊन परत आला. 'बॉयलर'चा बी मोठा, 'बोईसर'चा बी छोटा! "अरे, प्रॉपर नाउन, कॉमन नाउन पाचवीत शिकवतात ना?" सर म्हणाले. मेसमध्ये रूममेटने माझी बाजू घेतली. "आपल्या मराठीत कॅपिटल अक्षरच नाही, सवय लागणार कुठून?"

तेव्हा पटलं. आता पटत नाही. मित्रांनो, आपण घराला कुलूप लावतो पण पालघरला जातो. 'पालघराला' कुणी म्हणतं का? गावच्या विकासाला निधी येतो, पण मेसचे उसने पैसे द्यायचे असतात ते शेजारच्या खोलीतल्या विकासला. प्रकाशाला पडदा अडवतो, प्रकाशला वॉचमन (रात्री साडेदहानंतर). सामान्यनामात तो मधला काना येतो, विशेषनामात बहुधा येत नाही. पुण्याला, ठाण्याला हे अपवाद आहेत, मान्य. पण फरक आपल्या कानाला न शिकवता कळतो.

उलट कॅपिटल अक्षरच फसवतं. एमआयडीसी हे १९६२ साली स्थापन झालेल्या महामंडळाचं नाव, चारही अक्षरं मोठी. पण आमच्याकडे 'तो एमआयडीसीत लागला' म्हणजे कारखान्यात लागला, आणि 'तुमच्या गावाजवळ एमआयडीसी आहे का?' असंही सर्रास विचारतात. विशेषनामाचं सामान्यनाम झालं, त्यात कुणाचं काही गेलं नाही.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र गेलं, असं मला वाटतं. तारापूर अणुवीज केंद्राचं चौथं युनिट २००५ मध्ये आणि तिसरं २००६ मध्ये सुरू झालं. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. तिथली माणसं फायलीत 'प्रकल्पग्रस्त' झाली, इंग्रजीत पीएपी. शब्द सामान्यनाम, तरी तिन्ही अक्षरं कॅपिटल! धरणाखालचा शेतकरीही पीएपी आणि समुद्रकाठचा मच्छीमारही पीएपी. त्या शब्दावरून गाव कुठलं ते कळत नाही. पुनर्वसनाच्या जागेलाही लोक अक्करपट्टी आणि पोफरणच म्हणतात, ते मला उगीच वाटत नाही.

माझ्या रिपोर्टात 'परिसराची ओळख' या प्रकरणात मी 'जवळची दोन गावे' एवढंच लिहिलं होतं. त्याभोवती लाल गोल नव्हता, कारण व्याकरण बरोबर होतं. फायनल कॉपीत तिथे नावं घातलीयत. ए कॅपिटल, पी कॅपिटल.