प्रतिकारशक्ती म्हणजे रांजण नव्हे

अकोल्यातल्या एका कार्यक्रमात एक वक्ते छातीठोकपणे म्हणाले, “ज्वारीची भाकर खाणाऱ्या, ४५ अंशांच्या उन्हात राबणाऱ्या आपल्या वऱ्हाडी माणसाले खोकल्याचा विषाणू काय करते? काढा घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा. लसीबिसीची गरज नाही.” टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला अजून टोचतात.

भाकर आणि ऊन फेब्रुवारी २०२१ मध्येही होतेच. देशात कोविडचे आकडे कमी असताना अमरावतीत ते चढत गेले आणि २२ फेब्रुवारीपासून पुन्हा टाळेबंदी लागली. १९१८ च्या फ्लूच्या साथीतही जगभर २० ते ४० वयाची धडधाकट माणसे मोठ्या संख्येने दगावली, आणि मध्य प्रांत-वऱ्हाड हा तर सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक होता.

पण माझा खरा राग ‘वाढवा’ या शब्दावर आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे रांजणातले पाणी नव्हे, की ओतले म्हणजे वाढले. विषाणू नाकाच्या अस्तरात शिरला की बाधित पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. ताप, अंगदुखी हे बरेचसे आपल्याच शरीराचे काम. नेमक्या त्याच विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी आणि प्रतिपिंडे पुरेशी तयार व्हायला पहिल्या खेपेला आठवडा-दोन आठवडे जातात. आणि काम झाले की हे सगळे आवरते घ्यावे लागते. आवरले नाही तर? कोविडचे कितीतरी रुग्ण दुसऱ्या आठवड्यात खालावले, कारण विषाणू ओसरू लागल्यावरही फुप्फुसातला दाह धुमसत राहिला. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले ते डेक्सामेथासोनने, म्हणजे प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या औषधाने! ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता, त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. मग काय वाढवायचे, कधी वाढवायचे? वक्त्यांनी सांगावे. आणि तेच स्टेरॉइड गरज नसताना, मनाने घेतल्याची किंमत आपल्याकडच्या कितीतरी मधुमेहींनी म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार होऊन मोजली.

साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षे भांडत आलो. विषाणूवर ते चालत नाही, हे अजून सांगावे लागते. काढ्याने घसा शेकतो, जरूर प्यावा. काढा पिऊन विषाणूची ओळख मात्र पटत नाही.

ती ओळख लस करून देते, आजार न भोगता. विषाणू रूप बदलतो, म्हणून ओळख ताजी करावी लागते. फ्लूची लस दरवर्षी म्हणूनच. साठी ओलांडलेल्यांनी, दमेकऱ्यांनी, मधुमेहींनी डॉक्टरांना विचारून ती घ्यावी. खोकणाऱ्याने मास्क लावावा, खोल्यांच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दम लागला, ओठ निळे पडू लागले, तर काढा उकळत बसू नये; म्हाताऱ्या बापाला गाडीत घालून थेट दवाखाना गाठावा.