क्रियाविशेषणाचे लिंग

मराठी व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या एक विधान निर्वेधपणे चालत आले आहे : शब्दांच्या आठ जाती, त्यांपैकी चार विकारी व चार अविकारी, आणि क्रियाविशेषण हे अविकारी, म्हणजेच अव्यय. ते क्रियेविषयी अधिक माहिती सांगते. नामाशी त्याला कर्तव्य नाही. हे विधान परीक्षार्थ्याला सोयीचे आहे, अध्यापकाला सोयीचे आहे आणि ते चुकीचे आहे. ही चूक तपशिलाची नाही. मराठी वाक्यात क्रिया, क्रियेची रीत आणि नाम यांचा जो परस्परसंबंध आहे, तो या विधानामुळे दृष्टीआड झाला आहे आणि त्याची किंमत व्याकरणाइतकीच समीक्षेच्या भाषेनेही मोजली आहे.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. मराठीला शालेय शिस्तीचे व्याकरण देण्याचे त्यांचे ऋण निर्विवाद आहे. परंतु या परंपरेत रुळलेल्या आठ जाती इंग्रजी शालेय व्याकरणातील आठ जातींशी एकास एक जुळतात, हा योगायोग नव्हे. आराखडा इंग्रजीचा आणि परिभाषा संस्कृताची, अशा दुहेरी उसनवारीवर हे घर उभे राहिले. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने (१९११) प्रयोगविचारासारखी प्रकरणे मोठ्या साक्षेपाने मांडली, अरविंद मंगरूळकरांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ (१९६४) करून या उसनवारीला उघड प्रश्न विचारले. तरीही वर्गातील फळ्यावर आठ जातींची ती यादी आजही तशीच लिहिली जाते.

हा सिद्धान्त एखाद्या ग्रंथालयात न तपासता कळंबोलीत तपासावा. पनवेलजवळच्या सिडकोच्या या वसाहतीत लोखंड-पोलादाचा मोठा बाजार आहे आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग येथूनच सुरू होतो. माल चढवणे, उतरवणे, वाहन लावणे हा जेथील नित्याचा व्यवहार आहे, तेथे क्रियेची रीत नेमकी सांगावीच लागते; ती चुकली तर हात चिरडतो. अशा ठिकाणची अगदी सामान्य मराठी वाक्ये घ्यावीत : ‘ट्रक उलटा लाव’, ‘गाडी उलटी लाव’, ‘पत्रा उभा ठेव’, ‘सळई आडवी ठेव’, ‘सळया आडव्या ठेव’. येथे ‘लाव’ आणि ‘ठेव’ ही क्रियापदे जागची हलत नाहीत. हलतात ती ‘कसे लावायचे’, ‘कसे ठेवायचे’ हे सांगणारी पदे. ज्याला अव्यय म्हटले ते बदलते आहे आणि ज्याला विकारी म्हटले ते स्थिर आहे.

यावर पाठ्यपुस्तकाचा कैवारी म्हणेल की ही क्रियाविशेषणे नव्हेतच. ठेवल्यानंतर सळई आडवी असते, तेव्हा ‘आडवी’ हे सळईचेच विधिविशेषण आहे. एवढ्या उदाहरणांपुरता हा युक्तिवाद मान्य करता येईल. पण तोच बाजार दुसरे वाक्य पुढे करतो : ‘मोडका ट्रकसुद्धा तो चांगला चालवतो.’ येथे ‘मोडका’ आणि ‘चांगला’ ही दोन्ही पदे ‘ट्रक’च्याच लिंगवचनात आहेत. ट्रक जर मोडका असेल, तर तो त्याच वेळी चांगला कसा? अर्थात चांगुलपणा ट्रकचा नाही. तो चालवण्याचा आहे. ‘मोडकी गाडीसुद्धा तो चांगली चालवतो’ असे म्हणताच दोन्ही पदे स्त्रीलिंगी होतात. अर्थ क्रियेकडे आणि रूप नामाकडे, अशी ही स्थिती आहे. पद अर्थाने निखळ क्रियाविशेषण आहे आणि तरीही विकारी आहे.

हा विकार स्वैरही नाही. ‘गाडी चांगली पळते’ यात कर्म नाही. पद कर्त्याला अनुसरते. ‘ड्रायव्हर गाडी चांगली चालवतो’ यात प्रत्ययरहित कर्म आहे. पद कर्माला अनुसरते. ‘मुकादम ड्रायव्हरला चांगला ओळखतो’ यात कर्माला ‘ला’ लागला. पद पुन्हा कर्त्याकडे वळते. ‘मुकादमाने ड्रायव्हरला चांगले झापले’ यात कर्ता व कर्म दोन्ही सप्रत्यय. पद नपुंसकलिंगी एकवचनात स्थिरावते. प्रश्नार्थक पदाची गत हीच : ‘तू कसा आलास?’, ‘तू गाडी कशी चालवतोस?’, ‘तू तिला कसा ओळखतोस?’, ‘तू तिला कसे ओळखलेस?’ कर्तरी, कर्मणी आणि भावे हे तीन प्रयोग मराठी वैयाकरणांनी क्रियापदासाठी सांगितले. ते क्रियाविशेषणालाही आहेत. एवढेच नव्हे, तर ‘ड्रायव्हर गाडी चांगली चालवतो’ या एकाच वाक्यात क्रियापद कर्तरी प्रयोगात आणि क्रियाविशेषण कर्मणी प्रयोगात नांदते. प्रयोगावर शेकडो पृष्ठे खर्चणाऱ्या परंपरेने ही गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर आणू नये, हे ‘अव्यय’ या शब्दाचे सामर्थ्य आहे. शब्दाने आधीच निकाल दिला. मग पुरावा पाहण्याचे कारण उरले नाही.

काही पुस्तके ‘सविकारी क्रियाविशेषण’ असा पोटविभाग करून सुटका करून घेतात. अव्ययाचा एक प्रकार विकारी मानणे म्हणजे वांझेचा एक पुत्र मोजणे होय. वस्तुतः उलट मांडणी हवी. ‘लाल’, ‘सुंदर’ ही विशेषणे बदलत नाहीत. म्हणून कोणी विशेषण ही जातच अविकारी ठरवीत नाही. आकारान्त विशेषणे विकार दाखवतात, इतरांना तो दाखवण्यास अन्त्य स्वर अनुकूल नाही, एवढेच समजले जाते. मग रस्त्याकडेच्या फलकावरील ‘वाहने सावकाश चालवा’ या वाक्यातील ‘सावकाश’ बदलत नाही, यावरून ‘चांगला’, ‘कसा’, ‘असा’ यांचाही निकाल कसा लावता येईल? ‘आज’, ‘तेथे’ यांसारख्या कालस्थलवाचकांना अव्यय म्हणण्यास प्रत्यवाय नाही; रीतिवाचकांची गोष्ट वेगळी आहे.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘ती चांगली गाते’ याबरोबर ‘ती चांगले गाते’ असेही बोलले जाते. ‘तो मराठी चांगली बोलतो’ आणि ‘तो मराठी चांगला बोलतो’ ही दोन्ही कानांवर येतात. तेव्हा नियम सैल आहे, हे खरे. पण ही सैलता अव्ययवाद्याच्या मदतीला येत नाही. अव्ययाला निवड नसते. जेथे वक्ता ‘चांगली’ व ‘चांगले’ यांत निवड करतो, तेथे तो गाणारीला पुढे आणायचे की गाण्याला, हे ठरवत असतो. विकल्प हा येथे नियमाचा अभाव नसून अर्थाचे साधन आहे.

इंग्रजीत हे साधन नाही. त्या भाषेत विशेषणच नामाप्रमाणे बदलत नाही, मग क्रियाविशेषण कोठून बदलणार? तेथे ‘गुड’ आणि ‘वेल’ असे दोन निराळे शब्द लागतात, किंवा विशेषणाला ‘-ली’ जोडावा लागतो. आणि क्रियापद व त्याचे कर्म यांच्या मध्ये क्रियाविशेषण सहसा शिरू शकत नाही. ‘ही ड्राइव्ह्ज द ट्रक वेल’ हे चालते, ‘ही ड्राइव्ह्ज वेल द ट्रक’ हे खटकते. म्हणजे इंग्रजी जे स्थानाने आणि स्वतंत्र रूपाने सांगते, ते मराठी विकाराने सांगते. संस्कृतात क्रियाविशेषण नपुंसकलिंगी एकवचनात बांधलेले असते. ‘सा मधुरं गायति’ यातील ‘मधुरं’ला गाणारीच्या लिंगाशी देणेघेणे नाही. दोन्ही शेजघरांत क्रियाविशेषण स्थिर आहे. म्हणून मराठीतही ते स्थिर असले पाहिजे, असे गृहीत धरले गेले.

या गृहीताचे परिणाम गद्यात दिसतात. ‘-पणे’ हा प्रत्यय परका नाही. जुन्या मराठीतही तो आहे. पण भाषांतराच्या आणि समीक्षेच्या गद्यात तो इंग्रजी ‘-ली’चा मुनीम होऊन बसला आहे. ‘ती एकटी राहिली’ हे ‘ती एकाकीपणे राहिली’ होते. ‘तो मोकळा हसला’ हे ‘तो मोकळेपणाने हसला’ होते. पहिल्या वाक्यांत माणूस त्या क्रियेत सापडतो. दुसऱ्यांत क्रियेला एक गुण चिकटवला जातो आणि माणूस बाजूला राहतो. समीक्षेत तर ‘कादंबरी वास्तव प्रभावीपणे चित्रित करते’, ‘कवी अनुभव समर्थपणे व्यक्त करतो’ ही वाक्ये शिक्क्यासारखी उमटतात. प्रभाव कोणाचा, सामर्थ्य कशाचे, कवीचे की अनुभवाचे? ‘-पणे’ कोणत्याही नामाला बांधील नसल्यामुळे समीक्षकाला उत्तर द्यावे लागत नाही. जी भाषा क्रियेची रीत सांगतानासुद्धा कोणाकडे पाहायचे ते विचारते, त्या भाषेतील समीक्षेने हा प्रश्न टाळण्याची सोय करून घ्यावी, हे केवळ शैलीचे दौर्बल्य नव्हे. ती विचारातील पळवाट आहे.

देशीयतेचा जयघोष करणाऱ्या समीक्षेनेही येथे मौनच पाळले. आशय देशी हवा, रूप देशी हवे, संवेदनशीलता देशी हवी, असा आग्रह धरताना वाक्य देशी आहे की नाही हे पाहण्याची गरज तिला भासली नाही. तिचेही गद्य ‘-पणे’ने गच्च भरलेले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो भूतकाळाचा गौरव आहे. वर्तमानाचे काम त्याहून साधे आणि त्याहून कठीण आहे : आठ जातींच्या यादीतील एका शब्दापुढचे ‘अव्यय’ हे बिरुद खोडणे आणि सळई आडवी ठेवायला सांगणाऱ्याला जे व्याकरण येते, ते पदव्युत्तर वर्गात शिकवणे.