घुमटाचे घर : आधी पुठ्ठा, मग पैसा



मुलाचे लग्न ठरले की पहिला प्रश्न उठतो तो खोलीचा. विटा, सिमेंट, सळई यांचे भाव ऐकून आई-बाप गप्प होतात. मग कोणी तरी सांगतो, "प्लायवूडचे घुमटाचे घर बांधा. यंत्रावर तुकडे कापून आणायचे आणि चार माणसांनी जोडायचे!" घाईने हो म्हणू नका, आणि हसूही नका. आधी हिशेब पाहा.

असे त्रिकोणी तुकड्यांचे घुमट बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन माणसाने जगभर गाजवले. त्याला १९५४ साली त्याचे पेटंट मिळाले. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, म्हणून थोड्या सामानात मोठी जागा झाकली जाते. कोपरे नसल्याने वादळवाराही अंगावरून निघून जातो.

समजा, मध्यापासून कडेपर्यंत ७ फुटांचा घुमट करायचा आहे. त्याला ४० त्रिकोण लागतात. त्यांतल्या १० त्रिकोणांच्या तिन्ही बाजू साधारण ५२ इंच. उरलेल्या ३० त्रिकोणांची एक बाजू ५२ आणि दोन बाजू ४६ इंच. खाली सुमारे १४४ चौरस फूट जागा मिळते.

आता खरी गोम. ८ बाय ४ फुटांच्या तक्त्यावर हे ३० त्रिकोण ५२ इंचांची बाजू काठाला लावून मांडले, तर एका तक्त्यात दोनच बसतात आणि एकूण २० तक्ते लागतात. तेच ४६ इंचांची बाजू काठाला लावून उलटसुलट मांडले, तर तीन बसतात आणि १५ तक्त्यांत काम होते. नुसत्या मांडणीत पाच तक्ते वाचले! म्हणून आधी पुठ्ठ्याचे छोटे त्रिकोण कापा, कागदाच्या तक्त्यावर मांडून पाहा, चिकटपट्टीने घुमट जोडा. घरातली शाळकरी पोरे हे काम आनंदाने करतील. कापणी मात्र यंत्रावरच करा. प्रत्येक तुकड्यात पाव इंच चुकला, तर शेवटचा त्रिकोण जागेवर बसत नाही.

आता दुसरी बाजू. या घुमटाला ५५ सांधे असतात आणि पावसाचे पाणी सांधाच शोधते. साधा प्लाय भिजून फुगतो, म्हणून पाण्यात न सुटणारा 'मरीन' दर्जाचाच घ्या. वाळवीसाठी पक्के जोते हवे, त्यावर कमरेइतकी विटांची भिंत हवी. घुमट हलका असतो, म्हणून तो बोल्टांनी भिंतीला जखडा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा गरम हवा निघायला माथ्यावर झाकणाची खिडकी ठेवा आणि बाहेरून पांढरा रंग द्या. चूल आत कधीही पेटवू नका.

आणखी एक गोष्ट. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. गावातल्या कारागिराला गावातच काम मिळावे, हा त्यांचा आग्रह. ती कसोटी इथेही लावा. प्लायवूडचा पैसा गावाबाहेर जातो. आपल्या शेजारच्या वर्ध्याला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने दुसरी वाट दाखवली आहे. कुंभाराने चाकावर घडवलेल्या निमुळत्या, पोकळ मातीच्या नळ्या एकीत एक बसवून कमान करायची, कमानीशेजारी कमान लावायची आणि वरून गिलावा द्यायचा. नळीतल्या पोकळीमुळे ऊनही कमी झिरपते. छपराचा पैसा कुंभार आणि गवंडी यांच्या घरी जातो.

तेव्हा आमचे मत असे : वावरातली राखणीची खोली किंवा पाहुण्यांची जादा खोली असेल, तर प्लायवूडचा घुमट जरूर करून पाहा. पण नव्या सूनबाईंचा संसार ज्या छपराखाली पंचवीस-तीस वर्षे चालायचा आहे, ते छप्पर मातीचे असू द्या. एकदा वर्ध्याला जाऊन या. जाताना गावच्या कुंभारालाही सोबत न्या.